भ्रूणाची वाढ आणि वंध्यत्व उपचारांचे निष्पन्न : सोलापूर परिसरातील जोडप्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर शहरातून, तसेच अक्कलकोट, मोहोळ, बार्शी, मंगळवेढा, सांगोला या भागांतून उपचारासाठी जाणाऱ्या जोडप्यांच्या मनात येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. काही उत्तरे दोन ओळींची आहेत आणि काही बरीच लांबली आहेत. ज्या ठिकाणी जाहिरात आणि संशोधन यांत मोठे अंतर आहे, त्या ठिकाणी मुद्दाम अधिक जागा दिली आहे.

लग्नाला किती काळ झाल्यावर तपासणी करावी आणि आधी कोणाची?

नियमित संबंध असूनही एक वर्षात गर्भ राहिला नाही तर तपासणी करावी. पत्नीचे वय ३५ पेक्षा जास्त असल्यास सहा महिन्यांनंतरच करावी. पाळी फार अनियमित असेल किंवा पूर्वी क्षयरोग झालेला असेल तर तेवढीही वाट पाहू नये, कारण जननेंद्रियांचा क्षयरोग हे आपल्या देशात गर्भनलिका बंद होण्याचे एक महत्त्वाचे कारण आहे आणि तो पुष्कळदा कोणतेही ठळक लक्षण न दाखवता नळ्या खराब करतो. तपासणी दोघांची एकाच वेळी व्हावी. वीर्यतपासणी स्वस्त आहे, वेदनारहित आहे आणि दिवसभरात होते. तरीही सुनेची सोनोग्राफी, रक्ततपासण्या आणि दुर्बिणीची तपासणी पार पडून दोन वर्षे गेल्यावर मुलाची पहिली वीर्यतपासणी होते, अशी घरे आजही आहेत. पुरुषाकडील कारण एकट्याने किंवा पत्नीच्या कारणाच्या जोडीने सुमारे निम्म्या जोडप्यांत आढळते, हे लक्षात घेतले तर या क्रमाचे समर्थन करता येत नाही.

प्रयोगशाळेत भ्रूण दिवसागणिक कसे वाढते?

आयव्हीएफमध्ये, म्हणजे शरीराबाहेर फलन करण्याच्या उपचारात, स्त्रीबीज आणि शुक्राणू एकत्र केल्यानंतर साधारण १६ ते १८ तासांनी भ्रूणतज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली बीज पाहतात. त्यात दोन केंद्रके शेजारी शेजारी दिसली, एक आईकडून आलेले आणि एक वडिलांकडून आलेले, तर फलन नीट झाले असे मानतात. दुसऱ्या दिवशी साधारण चार पेशी आणि तिसऱ्या दिवशी आठ पेशी असाव्यात अशी अपेक्षा असते. चौथ्या दिवशी पेशी एकमेकींना घट्ट चिकटून त्यांच्या सीमा दिसेनाशा होतात. पाचव्या किंवा सहाव्या दिवशी आत द्रवाने भरलेली पोकळी तयार होते आणि भ्रूण ब्लास्टोसिस्ट या अवस्थेला पोहोचते. यात आतला पेशींचा लहान पुंजका पुढे बाळ होतो आणि बाहेरचा थर मुख्यतः वार तयार करतो.

बाहेरून पाहणाऱ्याला न दिसणारी, परंतु निकालाच्या दृष्टीने फार महत्त्वाची घटना यादरम्यान घडते. पहिले दोन-तीन दिवस भ्रूण स्वतःच्या जनुकांवर फारसे चालत नाही. बीज तयार होताना आईच्या शरीराने त्यात साठवून ठेवलेल्या रेणूंवर ते चालते. मानवी भ्रूणाची स्वतःची जनुके चार ते आठ पेशींच्या टप्प्यावर ठळकपणे कामाला लागतात, असे पीटर ब्रॉड आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवले. उंदरात हेच दोन पेशींच्या टप्प्यावर होते. तिसऱ्या दिवशी सुरेख दिसणारे भ्रूण पाचव्या दिवसापर्यंत थांबून जाते, त्याचे एक कारण या बदलाच्या टप्प्यात आहे: तोवरची वाढ प्रामुख्याने बीजाच्या शिदोरीवर झालेली असते.

आमची दहा बीजे निघाली आणि शेवटी दोनच भ्रूणे उरली. प्रयोगशाळेत काही चुकले का?

बहुधा नाही. दहा बीजांपैकी साधारण आठ पक्व असतात, त्यांतील पाच-सहांचे फलन नीट होते आणि फलित बीजांपैकी निम्मी किंवा त्याहून कमी ब्लास्टोसिस्टपर्यंत पोहोचतात. म्हणजे दहातून दोन किंवा तीन ही संख्या अपेक्षेबाहेरची नाही. फोनवर रोज कमी होत जाणारा आकडा ऐकणे मात्र फार जड जाते, म्हणून ही उतरण बीजे काढण्याच्या आधीच जोडप्याला समजावून सांगणे हे केंद्राचे काम आहे.

या गळतीचे मुख्य कारण गुणसूत्रांत आहे. स्त्रीची सर्व बीजे तिच्या जन्मापूर्वीच तयार झालेली असतात आणि अर्धवट विभाजित अवस्थेत वर्षानुवर्षे थांबून राहतात. गुणसूत्रांच्या जोड्या एकत्र धरून ठेवणारी कोहेसिन नावाची प्रथिने या काळात क्षीण होत जातात, आणि बीज पक्व होताना एखादे गुणसूत्र जास्त किंवा कमी वाटले जाते. याशिवाय फलनानंतरच्या पहिल्या काही विभाजनांतही चुका होतात. बेल्जियममधील लुव्हन येथील संशोधकांनी २००९ मध्ये दाखवले की तरुण स्त्रियांच्या, दिसायला चांगल्या भ्रूणांतही अशी अस्थिरता सर्रास आढळते. यातील काहीही औषधाने, पथ्याने किंवा महागड्या यंत्राने दुरुस्त होत नाही.

नैसर्गिक गर्भधारणेतही हीच गळती असते, फक्त ती कोणाला दिसत नाही. ॲलन विल्कॉक्स यांच्या १९८८ च्या अभ्यासात स्त्रियांच्या लघवीची रोज संप्रेरक-तपासणी केली गेली, तेव्हा रुजलेल्या गर्भांपैकी २२ टक्के गर्भधारणा कळण्याआधीच संपल्याचे आढळले. पुढे झालेले गर्भपात धरून एकूण हानी ३१ टक्के होती, आणि त्यात न रुजलेल्या भ्रूणांची गणतीच नव्हती.

वयाचा परिणाम खरोखर इतका मोठा आहे का?

होय, आणि तो गर्भपिशवीपेक्षा बीजावर अधिक होतो. ब्रिटनची नियामक संस्था एचएफईए सर्व केंद्रांचे आकडे एकत्र प्रसिद्ध करते. २०२२ मधील उपचारांत स्वतःची बीजे वापरणाऱ्या १८ ते ३४ वयोगटात सोडलेल्या प्रत्येक भ्रूणामागे सुमारे ३५ टक्के वेळा बाळ जन्माला आले, तर ४३-४४ वयोगटात सुमारे ५ टक्के. तरुण दात्या स्त्रीचे बीज वापरले की चाळिशीतील स्त्रीचेही यश बरेच वाढते, यावरून अडचण कोठे आहे ते कळते. एएमएच ही रक्ततपासणी बीजे किती मिळतील याचा अंदाज देते. ती बीजे कशी असतील हे मात्र वयच अधिक सांगते. बत्तिशीत एएमएच कमी आला म्हणून खचून जाऊ नये आणि बेचाळिशीत चांगला आला म्हणून निर्धास्त राहू नये.

एका केंद्राच्या फलकावर ‘७० टक्के यश’ लिहिले आहे. ते खरे मानावे का?

तो आकडा खोटा असेलच असे नाही, पण तो कशाचा आहे हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही. येथे तीन गोष्टी तपासाव्या लागतात.

पहिली, ‘यश’ म्हणजे काय मोजले? बीटा एचसीजी ही गर्भ राहिल्याची रक्ततपासणी सकारात्मक आली हे यश धरले तर आकडा सर्वांत मोठा येतो. सोनोग्राफीत हृदयाचे ठोके दिसले हे धरले तर तो खाली येतो, आणि जिवंत बाळ जन्मले हे धरले तर आणखी खाली येतो. दुसरी, टक्केवारी कितीजणींपैकी काढली? ज्यांचे भ्रूण गर्भपिशवीत सोडले त्यांच्यापैकी काढली, तर ज्यांना इंजेक्शने देऊनही बीज मिळाले नाही, फलन झाले नाही किंवा भ्रूण पाचव्या दिवसापर्यंत टिकले नाही, त्या सर्व स्त्रिया हिशेबातून गळतात; पैसे आणि यातना मात्र त्यांच्याही खर्ची पडलेल्या असतात. तिसरी, स्त्रियांचे वय काय होते आणि दात्या स्त्रीची बीजे वापरलेल्या फेऱ्या त्यात मिसळल्या आहेत का?

विचारण्याचा प्रश्न असा असावा : ‘माझ्या वयाच्या, स्वतःचे बीज वापरणाऱ्या ज्या स्त्रियांनी इंजेक्शने सुरू केली, त्यांच्यापैकी किती जणींना एका वेळच्या बीजांतून तयार झालेली ताजी आणि गोठवलेली सर्व भ्रूणे वापरून जिवंत बाळ झाले?’ या प्रश्नाला सरळ उत्तर देणारे केंद्र, त्याचा आकडा लहान असला तरी, माझ्या मते अधिक विश्वासार्ह आहे. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान अधिनियम, २०२१ अन्वये उपचारांची शक्यता, फायदे, तोटे, खर्च आणि जुळ्या-तिळ्यांचा धोका समजावून सांगणे केंद्रावर बंधनकारक आहे, त्यामुळे असे विचारण्यात उद्धटपणा मुळीच नाही. संमतिपत्रही आपल्याला समजणाऱ्या भाषेत वाचून घ्यावे. सोलापुरात घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी कितीतरी कुटुंबे इंग्रजी छापील कागदावर न वाचता सही करतात, ते टाळले पाहिजे.

टाइम-लॅप्स, जनुकीय तपासणी, स्क्रॅचिंग, एआय अशा जादा सुविधा घ्याव्यात का?

अशा सुविधांची यादी केंद्रागणिक वाढत असते आणि प्रत्येकीमागचा तर्क ऐकायला पटणारा असतो. परंतु तर्क पटणे आणि बाळ होणे या दोन गोष्टींमधील अंतर मोठ्या चाचण्यांनी वारंवार उघड केले आहे.

गर्भपिशवीच्या आतील थराला ओरखडा काढला (स्क्रॅचिंग) की भ्रूण चांगले रुजते, असे बरीच वर्षे सांगितले जात होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १३०० हून अधिक स्त्रियांचा समावेश असलेल्या चाचणीत ओरखडा काढलेल्या गटात २६.१ टक्के आणि न काढलेल्या गटातही २६.१ टक्के जिवंत जन्म झाले. टाइम-लॅप्समध्ये भ्रूण ते वाढवण्याच्या उबदार पेटीबाहेर (इन्क्युबेटरबाहेर) न काढता कॅमेऱ्याने सतत टिपले जाते. यामुळे भ्रूणतज्ज्ञांचे काम सोयीचे होते आणि संशोधनालाही पुष्कळ माहिती मिळाली आहे, पण २०२४ च्या मोठ्या ब्रिटिश-आशियाई चाचणीत त्यामुळे जिवंत जन्म वाढल्याचे दिसले नाही. त्याच वर्षीच्या एका चाचणीत संगणकाने (एआयने) निवडलेली भ्रूणे आणि तज्ज्ञांनी नजरेने निवडलेली भ्रूणे यांची तुलना झाली. संगणक फार झटपट निवड करत होता, मात्र गर्भधारणेच्या बाबतीत तो तज्ज्ञांपेक्षा कमी पडत नाही, एवढेही त्या चाचणीला सिद्ध करता आले नाही.

गुणसूत्रांची तपासणी, म्हणजे पीजीटी-ए, हा सर्वांत खर्चिक आणि सर्वांत वादाचा विषय आहे. ब्लास्टोसिस्टच्या बाहेरच्या थरातून पाच ते दहा पेशी काढून त्यांतील गुणसूत्रे मोजतात. ही तपासणी भ्रूण सुधारत नाही, असलेल्या भ्रूणांचा क्रम लावते. चीनमध्ये १२१२ स्त्रियांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तपासणी केलेल्या गटात एकत्रित जिवंत जन्म ७७.२ टक्के आणि न केलेल्या गटात ८१.८ टक्के होते. या स्त्रिया ३७ वर्षांपर्यंतच्या होत्या आणि प्रत्येकीकडे किमान तीन चांगली भ्रूणे होती, हे लक्षात ठेवून तो निकाल वाचावा. शिवाय बाहेरच्या थरातील पेशी आतल्या पेशींचे हुबेहूब प्रतिनिधित्व करतातच असे नाही. काही भ्रूणांत निरोगी आणि सदोष पेशींचे मिश्रण असते, आणि अशा मिश्र भ्रूणांतून निरोगी बाळे जन्मल्याचे इटलीतील एका गटाने २०१५ मध्ये नोंदवले. वारंवार गर्भपात झालेल्या किंवा वय वाढलेल्या स्त्रीला ही तपासणी निष्फळ ट्रान्सफर (भ्रूण गर्भपिशवीत सोडणे) आणि गर्भपाताचा त्रास कमी करण्यास मदत करू शकते. पण पहिल्याच खेपेला, तिशीच्या आतील प्रत्येकीला ती सुचवली जात असेल तर कारण विचारावे.

इक्सी, म्हणजे एकच शुक्राणू सुईने बीजात सोडण्याची पद्धत, १९९२ मध्ये ब्रुसेल्सहून जाहीर झाली आणि शुक्राणू अत्यल्प असलेल्या पुरुषांसाठी तिने उपचारांचे चित्रच पालटले. वीर्य चांगले असताना मात्र तिचा विशेष लाभ नाही. व्हिएतनाममधील २०२१ च्या चाचणीत अशा जोडप्यांत इक्सी आणि साधे आयव्हीएफ यांत लक्षणीय फरक आढळला नाही. तरीही बिलात ती बहुतेकदा असतेच.

ताजे भ्रूण सोडावे की गोठवून नंतर?

गोठवणे हा कमअस्सल पर्याय आहे, हा समज आता टिकत नाही. कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी १९७८ मध्येच गोठवलेले भ्रूण पुढच्या पाळीच्या चक्रात सोडले होते, आणि त्यातून ३ ऑक्टोबर १९७८ रोजी मुलगी जन्मली. जगातील पहिले टेस्ट-ट्यूब बाळ, इंग्लंडमधील लुईझ ब्राउन, हिच्या जन्माला तेव्हा जेमतेम दहा आठवडे झाले होते. मुखोपाध्याय यांच्या कामाची चौकशी होऊन अवहेलना झाली आणि १९८१ मध्ये त्यांनी आयुष्य संपवले. १९८६ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या उपचारांतून जन्मलेली हर्षा हे देशातले शास्त्रीयदृष्ट्या नोंदवलेले पहिले टेस्ट-ट्यूब बाळ मानले गेले. त्या कामातील सहकारी टी. सी. आनंद कुमार यांनीच पुढे मुखोपाध्यायांच्या वह्या तपासून श्रेय त्यांना दिले.

आजचा पुरावा असा आहे. पीसीओएस (अंडाशय आणि संप्रेरकांचा एक विकार) असलेल्या स्त्रियांत, २०१६ च्या चीनमधील चाचणीनुसार, सर्व भ्रूणे गोठवून नंतर सोडल्यास जिवंत जन्म ४९.३ टक्के, तर ताजी सोडल्यास ४२ टक्के होते. अंडाशय फुगून पोटात पाणी साठण्याचा त्रास ७.१ वरून १.३ टक्क्यांवर आला, पण गरोदरपणातील रक्तदाबाचा गंभीर विकार गोठवलेल्या गटात जास्त आढळला. पीसीओएस नसलेल्या स्त्रियांवरील २०१८ च्या दोन चाचण्यांत मात्र फरक दिसला नाही. म्हणून ‘आमच्याकडे सगळ्यांचे फ्रोजनच करतो’ हे वैद्यकीय कारण होत नाही.

सोलापूरच्या उन्हाळ्यात उपचार टाळावा का?

स्त्रीच्या उपचारासाठी टाळण्याचे कारण नाही. भ्रूणे ३७ अंशांच्या पेटीत, ठरावीक वायूंच्या प्रमाणात वाढतात आणि गोठवलेली भ्रूणे उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये राहतात. बाहेर पारा ४३ वर गेला तरी त्यांना फरक पडत नाही. वीज गेल्यावर पेट्या कशावर चालतात, हे मात्र जरूर विचारावे.

पुरुषाचा प्रश्न वेगळा आहे. वृषणांचे तापमान शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी राहावे लागते. डाइंगच्या खात्यात वाफेशेजारी, भट्टीपुढे किंवा ट्रकच्या केबिनमध्ये दिवस काढणाऱ्याच्या शुक्राणूंवर त्या उष्णतेचा परिणाम होऊ शकतो. शुक्राणू तयार होऊन बाहेर येण्यास साधारण अडीच ते तीन महिने लागतात, त्यामुळे कामाची जागा बदलणे, घट्ट कपडे टाळणे याचा लाभ तितक्या काळानेच दिसतो. तंबाखूचेही तसेच आहे. विडी-सिगारेट आणि गुटखा पुरुषांनी सोडावा हे सर्वजण सांगतात. स्त्रियांच्या मिशरीबद्दल कोणी विचारतच नाही, आणि ती दात घासण्याची सवय म्हणून स्त्रियाही सांगत नाहीत. तीही तंबाखूच आहे.

ट्रान्सफरनंतर किती दिवस झोपून राहावे? बसने गावी गेले तर चालेल का?

झोपून राहण्याने गर्भ रुजण्याची शक्यता वाढत नाही, असे चाचण्यांनी दाखवले आहे. काहींत तर निकाल किंचित वाईटच आला. जिना चढल्याने, शिंक आल्याने किंवा एसटीने बार्शीला गेल्याने भ्रूण गळून पडत नाही. गर्भ न राहता पाळी आली की ‘तू पाणी भरलेस म्हणून’ असे ऐकवणाऱ्या घरातील माणसांनी हे उत्तर स्वतः वाचावे.

ट्रान्सफर अमावस्येला आला तर पुढे ढकलता येईल का?

ताजे भ्रूण असल्यास नाही, कारण दिवस भ्रूणाच्या वयावरून ठरतो. गोठवलेले असल्यास प्रोजेस्टेरॉन (गर्भपिशवीचा थर तयार करणारे संप्रेरक) सुरू करण्यापूर्वी सांगितले तर एक-दोन दिवसांची सोय करता येते. सुरू केल्यावर करता येत नाही.

दोन भ्रूणे सोडली तर एकाच खर्चात दोन मुले होतील, हे बरोबर आहे ना?

जुळ्यांत मुदतपूर्व प्रसूती, कमी वजन, नवजात अतिदक्षता कक्षातील मुक्काम आणि आईचा रक्तदाब, हे सर्व धोके वाढतात. त्या कक्षाचा खर्च धरला तर बचतही उरत नाही. चांगले ब्लास्टोसिस्ट असेल आणि वय कमी असेल तर एकच सोडावे आणि दुसरे गोठवून ठेवावे.

आमचे लग्न नात्यात झाले आहे. भ्रूणाची तपासणी लागेल का?

मामाच्या किंवा आत्याच्या घरात सोयरीक करण्याची रीत या सीमाभागात अनेक समाजांत आहे. बहुतेक अशा जोडप्यांना निरोगी मुले होतात. मात्र थॅलेसेमियासारख्या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भात आजाराची शक्यता २५ टक्के असते, आणि नात्यात दोघेही एकाच दोषाचे वाहक असण्याचा संभव वाढतो. आधी रक्ताची वाहक-तपासणी आणि जनुकीय समुपदेशन करावे. नेमका दोष सापडला तरच त्या दोषासाठी भ्रूण तपासता येते. ही तपासणी वर सांगितलेल्या पीजीटी-एपेक्षा वेगळी आहे आणि तिचा उपयोग निर्विवाद आहे.

तपासणीत मुलगा की मुलगी हे कळेल का?

सांगणे, विचारणे आणि त्यानुसार निवडणे हे तिन्ही गुन्हे आहेत.

मानवी भ्रूणांवर संशोधन कशासाठी आणि कोठवर करतात?

भ्रूण रुजण्याच्या सुमारास काय बिघडते, हे उंदरांवरून पूर्ण कळत नाही. लंडनमधील कॅथी नियाकन यांच्या गटाने २०१७ मध्ये दानात मिळालेल्या भ्रूणांत ओसीटी४ हे जनुक निकामी करून दाखवले की त्याविना मानवी ब्लास्टोसिस्ट नीट घडत नाही. उंदरातील परिणाम याहून वेगळा होता. १९८४ च्या ब्रिटनमधील वॉर्नॉक समितीने सुचवलेली, भ्रूण प्रयोगशाळेत वाढवण्याची १४ दिवसांची मर्यादा अनेक देशांनी स्वीकारली. २०१६ मध्ये भ्रूणे प्रयोगशाळेत १३ दिवस वाढवता आली, तेव्हा ती मर्यादा प्रथमच प्रत्यक्षात गाठण्याजोगी झाली, आणि २०२१ मध्ये स्टेम पेशी (इतर प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशी) संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ती सरसकट निषिद्ध यादीतून काढली. अलीकडे स्टेम पेशींपासून भ्रूणसदृश रचना तयार करून हेच टप्पे अभ्यासले जातात. भारतात संशोधनासाठी भ्रूण देशाबाहेर पाठवण्यास पूर्ण बंदी आहे.

या उपचारांतून जन्मलेल्या मुलांचे आरोग्य कसे असते?

जगात अशी एक कोटीहून अधिक मुले जन्मली आहेत आणि बहुसंख्य निरोगी आहेत. मुदतपूर्व जन्म आणि कमी वजन यांचे प्रमाण थोडे जास्त दिसते. त्यातील मोठा वाटा जुळ्यांचा, तर काही वाटा वंध्यत्वाच्या मूळ कारणाचा असतो.

उरलेल्या भ्रूणांचे काय होते?

कायद्यानुसार ती जास्तीत जास्त दहा वर्षे ठेवता येतात. त्यानंतर ती नष्ट होऊ द्यावी लागतात किंवा जोडप्याच्या संमतीने नोंदणीकृत संस्थेला संशोधनासाठी देता येतात. ती विकता येत नाहीत. उपचार पुण्यात झाला असेल तर भ्रूणे लेखी संमती आणि कायद्यानुसार लागणारी परवानगी घेऊन दुसऱ्या नोंदणीकृत केंद्रात हलवता येतात. मात्र ते केंद्र दुसऱ्या स्तराचे असावे, कारण पहिल्या स्तराच्या केंद्राला केवळ आययूआय (वीर्य थेट गर्भपिशवीत सोडणे) करण्याची परवानगी असते. पत्ता किंवा मोबाइल क्रमांक बदलल्यास केंद्राला लेखी कळवावे, साठवणुकीच्या शुल्काची पावती जपून ठेवावी, आणि किती भ्रूणे, कोणत्या दिवसाची व कोणत्या प्रतीची गोठवली आहेत याचा सही-शिक्क्याचा कागद पहिल्याच दिवशी मागून घ्यावा.